दोन ड्रम सेटच्या आवाजाची तुलना कशी करावी

ड्रम सेट विकत घेताना किंवा कार्यक्रमासाठी भाड्याने निवडताना बहुतेक जण ‘हा भारी वाजतो’, ‘तो बद्द वाटतो’ एवढ्यावर थांबतात. अशा शेऱ्यावरून ऐकणाऱ्याची पसंती कळते. आवाज कसा आहे ते कळत नाही. शिवाय जो फरक आपण लाकडाच्या किंवा कंपनीच्या नावावर जमा करतो, तो पुष्कळदा हेड (ड्रमवर ताणलेला पडदा), ट्यूनिंग आणि खोली यांचा असतो. म्हणून आधी या तीन गोष्टी दोन्ही सेटांसाठी सारख्या करून घ्याव्यात.

प्रथम मापे पाहावीत. २२ इंची बेसड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) असलेला सेट आणि १८ इंची बेसड्रमचा जॅझ सेट शेजारी ठेवून मेपलचे लाकूड चांगले की बर्चचे, हे ठरवता येणार नाही. मापे जुळली की हेड जुळवावेत. सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे एकपदरी हेड मोकळे वाजते आणि त्यात वरचे स्वर अधिक ऐकू येतात, तर दुपदरी हेड ते स्वर दाबते आणि आस (ठोक्यानंतर मागे राहणारी घुमणी) आखूड करते. एका सेटवर नवे एकपदरी आणि दुसऱ्यावर वर्षभर बडवलेले दुपदरी हेड असेल, तर तुलना हेडांचीच होईल. दोन्हींवर एकाच प्रकारचे नवे हेड चढवणे खर्चाचे असते. ते शक्य नसेल तर निदान तसे नोंदवून ठेवावे.

ट्यूनिंगला सर्वाधिक वेळ द्यावा. प्रत्येक स्क्रूपासून साधारण एक इंच आत काठीने हलकेच टकटक करून सगळीकडे एकच स्वर येईपर्यंत ताण सारखा करावा आणि मग तेच काम खालच्या हेडवर करावे. खालचे हेड विसरले जाते, पण आवाज किती लांबेल यात त्याचा मोठा वाटा असतो: वरचे व खालचे हेड एकाच स्वराला लावले तर टॉम (सेटमधला काठीने वाजवायचा, तारा नसलेला ड्रम) दीर्घ घुमतो, दोहोंत अंतर ठेवले तर आस आखूड होते. दोन्ही सेटांचे टॉम शक्यतो त्याच स्वरांना लावावेत. तबल्यावर कान तयार झालेल्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात. ड्रमच्या साध्या हेडवर ते तसे बसत नाहीत. त्यामुळे टॉममध्ये तबल्याइतका स्वच्छ सूर शोधणे व्यर्थ आहे. तो नसणे हा सेटचा दोष नव्हे.

आता वादन. एकाच वादकाने, त्याच काठ्यांनी, खोलीतील त्याच जागी दोन्ही सेट वाजवावेत. आधी प्रत्येक ड्रम एकटा, हळू, मध्यम आणि जोरात. मग टॉम ओळीने. शेवटी एक साधा ठेका. स्नेअर (खालच्या हेडला तारा असलेला ड्रम) तारा लावून आणि सोडून, दोन्ही प्रकारे ऐकावा. झांजा मात्र गप्प ठेवाव्यात, कारण त्या बाकी सगळे झाकून टाकतात. वादकाच्या आसनावर जे ऐकू येते ते समोर येत नाही, म्हणून ऐकणाऱ्याने दोन-तीन मीटर दूर बसावे. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करावी आणि ऐकताना हेडफोन वापरावा. बेसड्रमचा खालचा भाग मोबाइलच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. दोन्ही मुद्रणे सारख्याच मोठ्या आवाजात ऐकावीत. थोडे मोठे वाजणारे मुद्रण कानाला हमखास अधिक चांगले वाटते, आणि दुकानातील निम्मे निर्णय याच फसगतीतून होत असावेत असा माझा संशय आहे. शक्य असेल तर कोणता सेट कोणता हे न सांगता दुसऱ्याला ऐकवावे.

वर्णन लिहिताना आवाजाचे काळानुसार तीन भाग करावेत. काठी पडतानाचा ठोका टोकदार आहे की मऊ. त्यामागचा गाभा भरीव आहे की पोकळ, आणि त्यातला स्वर स्पष्ट आहे की धूसर. आस किती टिकते आणि सरळ विरते की विरताना स्वर खाली घसरतो. त्यानंतर हळू वाजवल्यावर ड्रम पुरेसा बोलतो का आणि टॉम वाजवताना स्नेअरच्या तारा किती कुरकुरतात, हेही टिपावे. ‘उबदार’ हा शब्द मी टाळतो, कारण प्रत्येक जण तो निराळ्या अर्थाने वापरतो. त्याऐवजी ‘खालचे स्वर अधिक, ठोका मऊ’ असे लिहिले की वाद उरत नाही.

उदाहरणार्थ, मेपल आणि बर्च यांविषयी वादकांचा सर्वसाधारण अनुभव असा मांडता येईल: मेपलमध्ये खालपासून वरपर्यंत स्वर समतोल येतात आणि आस लांबते, तर बर्चमध्ये ठोका पुढे येतो, मधला पट्टा काहीसा मागे राहतो आणि आवाज लवकर आटोपतो. यामाहाचा बर्चचा ‘रेकॉर्डिंग कस्टम’ स्टुडिओत लोकप्रिय झाला तो याच आटोपशीरपणामुळे, कारण मायक्रोफोनसमोर फार सावरासावर करावी लागत नाही.

स्नेअरची तुलना वेगळी लिहावी. तो पुष्कळदा सेटसोबत येत नाही आणि आला तरी त्याचे कवच लाकडाऐवजी पोलाद, पितळ किंवा ॲल्युमिनियमचे असू शकते. प्रत्येक वर्णनाखाली मापे, हेडचा प्रकार, ट्यूनिंगचे स्वर आणि खोलीचे स्वरूप नोंदवावे. फरशीच्या रिकाम्या खोलीत लिहिलेले वर्णन पडदे-गालिचे असलेल्या खोलीतील सेटला लावू नये.