केबल ओढली की मशीन गोठतं: ड्रायव्हरमधला एक बग कसा काढला

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. भट्ट्यांचं तापमान नोंदवणारा यूएसबीचा एक डबा आम्ही बनवतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर मी लिहिलाय, म्हणजे त्यातल्या चुकाही माझ्याच. ऐन नवरात्रात तक्रार आली: नोंदणी चालू असताना केबल निघाली तर कधीकधी अख्खं मशीन, म्हणजे डबा जोडलेला संगणक, गोठतं. 'कधीकधी' ऐकलं की मी आधी मेमरीकडे बघते.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात एका बिऱ्हाडाने खोली सोडली आणि दूधवाल्याला सांगायचं राहून गेलं. तो आपला नव्या बिऱ्हाडाच्या पातेल्यात रतीब घालतोय. बग नेमका हाच. ड्रायव्हरने 'केफ्री' (घेतलेली मेमरी परत करणारं फंक्शन) करून जागा सोडली, पण आधी रांगेत लावलेलं काम तिथे लिहायला येतंच. जागा तोवर रिकामी असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्याला मिळालेली असेल तर त्याचा डेटा नासतो आणि मशीन भलत्याच ओळीवर कोसळतं.

त्या ओळीवर इलाज करू नका. मी केला होता: केफ्रीच्या आधी १०० मिलिसेकंदांची झोप. तक्रारी कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत, आणि बग पकडणं आणखी अवघड झालं. शोधाला लागण्याआधी असली ओळ काढून टाका.

आता बग हुकमी घडवायचा. केबल हाताने ओढत बसलात तर बगआधी सॉकेट ढिलं होईल. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) साधनं आणि ड्रायव्हर फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, ड्रायव्हरच्या फोल्डरात 'अनबाइंड' आणि 'बाइंड' अशा दोन फाइली असतात. त्यांत इंटरफेसचं, म्हणजे डब्याच्या यूएसबी जोडणीचं, नाव लिहिलं की ड्रायव्हर सुटतो आणि पुन्हा जोडला जातो. एकीकडे डबा वाचणारा प्रोग्राम चालू ठेवा, दुसरीकडे चार ओळींची शेल स्क्रिप्ट हे फिरवत राहील.

चाचणीच्या मशीनवर 'केएसॅन' (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं हत्यार) चालू करून कर्नल बांधा. ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, हे लिनक्समध्येच आहे. मेमरीच्या दर ८ बाइटांमागे ते १ बाइटाची सावली, म्हणजे ती जागा वापरायला चालेल का याची नोंद, ठेवतं आणि प्रत्येक वाचन-लेखन तिच्याशी ताडून बघतं. मशीन चांगलंच मंदावतं, तेव्हा ग्राहकाकडे नको. डीबग माहितीही चालू ठेवा, म्हणजे 'डीकोड स्टॅकट्रेस' स्क्रिप्ट थेट फाइल आणि ओळ सांगते.

केएसॅनच्या अहवालात तीन माग (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याच्या याद्या) असतात: सुटलेल्या जागेला हात कुणी लावला, ती घेतली कुणी, सोडली कुणी. घाईत सगळे पहिलाच वाचतात. मी शेवटच्यापासून सुरू करते. माझ्याकडे जागा सोडली होती डिस्कनेक्टने (डबा निघाला की चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन), हात लावला होता वर्कक्यूने (नंतर करायच्या कामांची कर्नलची रांग). काम रांगेत कुठून गेलं तेही खाली होतं: यूआरबीचा, म्हणजे यूएसबीवरून डेटा मागणाऱ्या विनंतीचा, कॉलबॅक (ती पुरी झाली की चालणारं फंक्शन).

आता खरी गोम. कॉलबॅक काम रांगेत टाकतो, आणि ते काम पुन्हा यूआरबी पाठवतं. आधी काम रद्द केलं तर वाटेतला यूआरबी ते पुन्हा रांगेत टाकणार. आधी यूआरबी नुसता 'किल' (रद्द) केला तर काम तो पुन्हा पाठवणार. म्हणून पहिल्यांदा 'यूएसबी पॉइझन यूआरबी': हे चालू कॉलबॅक संपेपर्यंत थांबतं आणि पुढचं पाठवणंही नाकारतं. मग 'कॅन्सल वर्क सिंक'. शेवटचं 'सिंक' महत्त्वाचं, चालू असलेलं काम संपल्याशिवाय ते परतत नाही. केफ्री त्यानंतरच. एक ठेच मला इथे लागली: काम जो म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) मागतं तोच हातात धरून मी कॅन्सल केलं. दोघं एकमेकांची वाट बघत बसले. लॉकडेप (कुलपांच्या अशा चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू होतं म्हणून लगेच कळलं.

एवढ्यावर सुटत नाही. डबा निघाला तरी प्रोग्रामने फाइल उघडी ठेवलेली असू शकते, आणि त्याचं पुढचं 'रीड' त्याच स्ट्रक्चरवर, म्हणजे ड्रायव्हरने डब्याची माहिती ठेवलेल्या जागेवर, येतं. तिथे केरेफ (जागा किती जण वापरताहेत याची मोजणी) लावा: उघडताना एक मोजणी वाढवा, फाइल बंद होताना एक सोडा, डिस्कनेक्टमध्ये एक सोडा. शेवटचा जाणारा जागा मोकळी करेल. डिस्कनेक्टने म्युटेक्स धरून 'डबा गेला' अशी खूण करायची, आणि रीडने तोच म्युटेक्स धरून ती बघून 'ई-नोडेव्ह' ('साधन नाही' ही चूक) परत करायचं. हे स्ट्रक्चर 'डेव्हएम' वाल्या फंक्शनने घेतलेलं असेल तर बदला. ती जागा ड्रायव्हर सुटला की आपोआप जाते, फाइल उघडी आहे का ते बघत नाही.

दुरुस्ती झाल्यावर तीच स्क्रिप्ट, तोच केएसॅनचा कर्नल. संध्याकाळी लावून मी गरब्याला गेले. सकाळी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) जोडणी-सुटणीच्या ओळींची रांग होती, केएसॅनची एकही नव्हती. तरी फाइल उघडी धरून बसणारे दोन प्रोग्राम सोबत लावून दुसऱ्या रात्रीही ती चालू ठेवली, आणि मगच ग्राहकाला नवा ड्रायव्हर पाठवला.