विंडोज 'अस्सल नाही' म्हणू लागली तर

2018 चा वैशाख. खानापुरात मी घरीच लग्नपत्रिका जुळवून देतो. त्या दिवशीची पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण मुलीकडचे बैलहोंगलचे. प्रूफ दाखवायला कंप्युटर लावला तर पडदा काळा ठिक्कर, उजवीकडे खाली 'बिल्ड 7601' आणि ही विंडोज अस्सल नाही अशी ओळ. मुलीचे मामा शेजारीच बसलेले. "काय ओ, चोरीचा काय हा?"

पहिलं सांगतो, फायलींना काही होत नाही. मी त्याच काळ्या पडद्यावर पत्रिका पुरी केली. वॉलपेपर परत लावला तरी तासाभरात पुन्हा काळा होतो, त्या नादाला लागू नका.

विंडोज 7 वर हे करणारा अपडेट म्हणजे केबी 971033. फेब्रुवारी 2010 मध्ये आला. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे विंडोज अस्सल असल्याची मायक्रोसॉफ्टकडची नोंद, ती खोटी दाखवायच्या सत्तरावर प्रकारच्या युक्त्या ओळखायचा आणि साधारण दर 90 दिवसांनी पुन्हा तपासायचा. घेणं सक्तीचं नव्हतं, पण अपडेट आपोआप चालू असले की गुपचूप येऊन बसायचा.

काढायची घाई नको, आधी लायसन्स बघा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. चौकटीत एस एल एम जी आर सलग टाका, एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ (/), तिला चिकटून डी एल आय, एंटर. जरा वेळाने छोटी खिडकी येते. तिच्यात आवृत्तीचं नाव असतं, आणि लायसन्स ओईएम (मशीनबरोबर आलेलं), रिटेल (सुटं विकत घेतलेलं) की व्हॉल्यूम (कंपनीला ठोक दिलेलं) तेही. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम दिसलं तर समजायचं, ते कुठल्या तरी कंपनीचं लायसन्स आहे, आपलं नव्हे.

माझ्याकडे व्हॉल्यूम, प्रोफेशनल. कंप्युटरच्या डब्याच्या कुशीवरचा लायसन्सचा स्टिकर ओल्या फडक्याने पुसला तर होम प्रीमियम! म्हणजे पैसे भरलेली विंडोज स्टिकरवर, आणि दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून हाताला लागली ती घातलेली.

अशा वेळी अपडेट काढून उपयोग नाही. राखणदाराला घालवलं म्हणून सातबारा आपल्या नावावर होतो काय? स्टिकरवरच्याच आवृत्तीची डिस्क घालून स्टिकरवरचाच अक्षर-आकड्यांचा कोड, म्हणजे 'की', टाका. त्या काळी नेटवरून नाही घेतली तर फोनवरून अ‍ॅक्टिव्हेट व्हायची, आकडे वाचून दाखवायला घरातलं कुणीतरी बसवायला लागायचं.

लायसन्स खरं असून कटकट असेल तर मात्र खुशाल काढा. जानेवारी 2019 मध्ये काही कचेऱ्यांतली रीतसर व्हॉल्यूम मशीनंही 'अस्सल नाही' म्हणू लागली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच तिथला 971033 काढायला सांगितलं होतं. कंट्रोल पॅनल, प्रोग्रॅम्स अँड फीचर्स, डावीकडे बसवलेल्या अपडेटची यादी. त्यात आकडा शोधा, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. त्या काळी तो यादीत परत दिसला की राइट क्लिक करून हाइड करायला लागायचं. 14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 चा सपोर्टच संपला. विंडोज 10 आणि 11 मध्ये सेटिंग्जमधलं अ‍ॅक्टिव्हेशनचं पान बघितलं की पुरे.

फॉरमॅटआधी पत्रिका पेन ड्राइव्हवर घ्याल, पण सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरातले फाँटही घ्या. मी मराठीचे श्रीलिपी फाँट घेतले, कन्नडचे नुडी विसरलो. दुसऱ्या दिवशी मामा आले तेव्हा मराठी बाजू झकास, आणि कन्नड बाजूला वधूच्या नावासकट इंग्रजी अक्षरांची खिचडी.