फ्लॉरेन्सला निघण्याआधी

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा आणि इटलीतल्या फ्लॉरेन्ससाठी तीन पूर्ण दिवस बाजूला काढा. रोमहून व्हेनिसला जाताना एक दुपार इथे थांबून उंचावरच्या चौकातून शहराचा फोटो काढायचा आणि पुढे निघायचं, असे कार्यक्रम मी अनेकांचे पाहिलेत. त्या एका दुपारी मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' पुतळा नीट बघून होत नाही, आणि इथेच वारलेल्या आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या छत्रीपर्यंत, म्हणजे स्मारकापर्यंत, तर पोचताच येत नाही. मी कोल्हापूरची आहे, त्यामुळे ही छत्री माझ्या यादीत आधीपासून होती. तुमच्याही असावी, असं मला मनापासून वाटतं.

तीन दिवस ठरवताना सोमवार कुठे येतो ते बघा. उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय आणि 'डेव्हिड' जिथे आहे ते अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात खरी, पण त्या दिवशीच्या रांगेत आई-वडिलांना उभं करू नका. महिने एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी गल्ल्या अशा तापतात की दुपार खोलीतच जाते.

इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांना फी ९० युरो, अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी चालू असला पाहिजे आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. कागद जमले की अर्ज करून टाका, सुट्ट्यांच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळवताना जीव जातो.

त्यानंतर तिकिटं. फ्लॉरेन्समध्ये तीन जागा वेळ ठरवून आधीच आरक्षित कराव्यात. उफ्फिझी, अकादेमिया आणि कॅथेड्रलचा घुमट. त्यातही घुमट आधी, कारण ते आरक्षण सर्वांत लवकर संपतं. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने हा घुमट १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता बांधला. घुमट दुहेरी आहे आणि आपण चढतो ती वाट या दोन कवचांच्या मधून जाते. विटा हाताला लागतात, भिंत डोक्यावर कलत येते आणि हा माणूस काय करून गेला ते तिथे अंगाला कळतं. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, मधून मागे फिरणं अवघड. गुडघ्यांचा किंवा धापेचा त्रास असणाऱ्यांनी खाली थांबावं. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत. खांदे आणि गुडघे मात्र झाकलेले हवेत, म्हणून पर्समध्ये एक ओढणी कायम ठेवा.

'डेव्हिड'साठी तासभर धरा. मायकेलअँजेलोने तो १५०१ ते १५०४ मध्ये कोरला, तेव्हा तो तिशीच्याही आतला होता. संगमरवराचा तो ठोकळा आधीच्या शिल्पकाराने अर्धवट सोडलेला, अनेक वर्षं तसाच पडून होता. पुतळा पाच मीटरहून उंच आहे. समोरून बघून झालं की बाजूला जा आणि त्याच्या उजव्या हातावरच्या शिरा बघा. सिन्योरिया चौकात उभा आहे तो नंतर केलेला दुसरा, मूळचा १८७३ मध्ये आत हलवला.

उफ्फिझी म्हणजे कचेऱ्या. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या कारभारासाठी बांधलेली ही इमारत. त्या घराण्यातल्या शेवटच्या आन्ना मारिया लुईझाने १७३७ मध्ये करार करून सगळा संग्रह राज्याच्या हवाली केला, आणि त्यातलं काही फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नये अशी अट घातली. त्या अटीमुळे चित्रकार बोत्तिचेल्लीची चित्रं आजही इथे आहेत. सगळ्या खोल्या संपवायच्या मागे लागू नका. दहा चित्रं घरी बसून निवडा आणि त्यांच्यासमोर थांबा.

सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या कबरी आहेत. मुलं बरोबर असतील तर नदीकाठचं गॅलिलिओ संग्रहालय चुकवू नका, त्याच्या दुर्बिणी तिथे आहेत.

बॅगेत वापरून सैल झालेले बूट ठेवा, नवे नकोत. चार्जरची आपली बारीक दोन पिनांची टोपी बहुतेक ठिकाणी बसते, तीन पिनांची बसत नाही, तेव्हा अ‍ॅडॅप्टर घ्या. रिकामी बाटली घ्या, नळांवर पिण्याचं पाणी मिळतं. खाऊमध्ये चिवडा, शेंगदाण्याची चटणी घाला. पेढे, बर्फी, तूप नको, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

शाकाहारी असाल तर 'सेंझा कार्ने, सेंझा पेशे' एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतो, ज्यांना ते चालत नाही त्यांनी वरून चीज घालू नका असं सांगावं. रिबोल्लिता नावाचं घेवडा, पालेभाजी आणि शिळ्या पावाचं दाट सूप मला आपल्या घरच्या जेवणासारखं वाटलं. फक्त ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नाही ना, एवढं विचारा. लाम्प्रेदोत्तोच्या गाड्या दिसतील, ते गाईचं जठर असतं. इथल्या पावात मीठ नसतं, तो बिघडलेला नाही. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे पैसे लागतात, आणि हॉटेलात माणशी रात्रीचा शहरकर वेगळा.

रेल्वे तिकिटावर सांता मारिया नोव्हेल्ला हेच स्टेशन आहे ना ते तपासा, शहरात आणखीही स्टेशनं आहेत. रोमहून जलद गाडीला दीड तास लागतो. साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात ठसा मारून घ्यावं लागतं.

आता छत्री. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहनाची तिथे पद्धत नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री अग्नी दिला गेला. परक्या मुलखातही बरोबरच्या माणसांनी त्यांच्यासाठी संगम शोधला, हे आठवलं की मला अजून भरून येतं. चार वर्षांनी तिथे त्यांचा अर्धपुतळा आणि वर छत्री उभी राहिली. पंचगंगेचा घाट बघत वाढलेल्या माणसाला तो घुमट लांबूनच ओळखू येतो. त्या जागेचं नाव पियाझालेत्तो देल्लिंदियानो, म्हणजे त्या हिंदी माणसाचा चौक; जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

छत्री कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. स्टेशनवरून टी-१ ट्राम घ्या, कास्चिने थांब्यावर उतरा आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहा. अंतर तीनेक किलोमीटर, वाट सपाट आहे, सायकल मिळाली तर उत्तम. उजेडात जा, पाणी जवळ ठेवा. वाहायला फुलं हवी असतील तर शहरातूनच घेऊन निघा. मंगळवारी सकाळी गेलात तर बागेतच मोठा आठवडी बाजार लागलेला असतो, परतताना फळं तिथेच घ्या.