कागदावरची तारीख खरी की खोटी, कसं ओळखायचं

कागदावर १९४२ लिहिलंय म्हणून तो १९४२ चा होत नाही, चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुनाट करायला किती वेळ लागतो! अमुक दिवशीच लिहिला हे क्वचितच सिद्ध होतं, पण 'या सालाआधी हा असूच शकत नाही' एवढं दाखवता आलं तरी बनावट उघडी पडते, म्हणून शोधायचं तेच.

आधी कागद जपा. लॅमिनेशन अजिबात नको, आणि कागद पाकिटात असताना वरून पेनने काही लिहू नका, दाबाचे ठसे आत उमटतात आणि लॅबवाले नेमके तसलेच ठसे शोधत असतात.

मग अंधार करून यूव्ही टॉर्च (अतिनील प्रकाशाची) मारा. कागद निळसर पांढरा झगझगला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन आहे, आणि ते कागदात यायला लागलं साधारण १९५० च्या सुमारास. १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून छापलेल्या डायऱ्या अशाच तपासणीत खोट्या ठरल्या. पण नाही चमकला म्हणजे जुनाच असं समजू नका, आजही ब्राइटनर नसलेला कागद मिळतो.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे घडी. पेनाची रेघ घडीवरून जाते तिथे भिंग लावा, घडी आधीची असेल तर मोडलेल्या तंतूंमध्ये शाई पसरलेली दिसते, नंतरची असेल तर रेघच तिथे तडकल्यासारखी तुटते.

शाईचं वय मात्र लॅबचं काम. बॉलपेनच्या शाईतलं फिनॉक्सीइथेनॉल हे द्रावक सुरुवातीला भराभर उडतं मग हळू, त्यामुळे दहा वर्षांची शाई की वीस, हे त्यावरून कळत नाही.

टाइप केलेलं असेल तर फॉन्ट बघा. मायक्रोसॉफ्टचा कॅलिब्री हा फॉन्ट सगळ्यांच्या हातात आला २००७ ला, म्हणून पाकिस्तानच्या पनामा केसमधलं (नवाझ शरीफ कुटुंबाच्या परदेशी मालमत्तेचं प्रकरण) कॅलिब्रीत टाइप केलेलं फेब्रुवारी २००६ चं डीड, म्हणजे करारपत्र, २०१७ मध्ये संशयात सापडलं, अर्थात बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, काही जणांकडे आधीपासून होती, तेव्हा नुसत्या फॉन्टवर केस उभी करू नका.

फाईल असेल तर विंडोजमधल्या 'क्रिएटेड' तारखेवर जाऊ नका, कॉपी केली की ती बदलते, कधीकधी तर 'मॉडिफाइड'च्याही नंतरची दिसते. वर्डची नवी (.docx) फाईल म्हणजे मुळात झिपच, कॉपी काढून तिच्या नावातलं .docx बदलून .zip करा आणि ती उघडा, आत वेगळी तारीख नोंदलेली असते, तीही बदलता येते म्हणा, पण बदलणारे बरेचदा विसरतात.