व्हीआरएफ बसवताना या चुका टाळा

एकाच स्विचवर परस्परांपासून अलग असे अनेक राउटिंग टेबल (पॅकेट कुठे पाठवायचे हे ठरवणाऱ्या याद्या) चालवण्याची सोय म्हणजे व्हीआरएफ. सिस्को नेक्सस स्विचवर ती चार ओळींत उभी राहते, आणि म्हणूनच बहुतेक जण ती न तपासता पुढे जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक ओळींच्या क्रमाची आहे. एनएक्स-ओएस या नेक्ससच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये इंटरफेसवर ‘व्हीआरएफ मेंबर’ (इंटरफेस व्हीआरएफला जोडणारी ओळ) लिहिताच त्याचे आयपी पत्ता, एचएसआरपी (राखीव गेटवेची सोय) आणि ओएसपीएफ (राउटिंग प्रोटोकॉल) यांसह सगळे लेअर ३, म्हणजे आयपी पातळीवरचे, कॉन्फिगरेशन पुसले जाते. स्विच तसा इशारा देतो, पण तयार ओळींचा गठ्ठा एकदम पेस्ट करणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. एका स्थलांतराच्या रात्री आमच्या फाइलमध्ये पत्त्याची ओळ आधी आणि व्हीआरएफची नंतर होती. सहकाऱ्याने ती पेस्ट केली आणि पाच व्हीलॅनचे (स्विचवरच्या आभासी नेटवर्कचे) गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे पत्ते, एकामागोमाग नाहीसे झाले. त्यांतल्या शेवटच्या गेटवेवरूनच आम्ही स्विचमध्ये शिरलो होतो, त्यामुळे आमचे सत्रही तुटले. कन्सोल केबल लावून पत्ते पुन्हा भरेपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हापासून मी आधी ‘चेकपॉइंट’ (मागे फिरता येईल अशी कॉन्फिगरेशनची प्रत) घेतो, प्रत्येक इंटरफेसचे जुने कॉन्फिगरेशन बाजूला जतन करतो, व्हीआरएफची ओळ पत्त्याच्या आधी लिहितो आणि एका वेळी एकच इंटरफेस हलवतो. हे काम हळू होते, याची मला खंत नाही.

व्हीआरएफच्या नावात लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी धरली जातात. अस्तित्वात नसलेले नाव इंटरफेसला दिले तरी स्विच ते स्वीकारतो, मात्र तो व्हीआरएफ तयार होईपर्यंत इंटरफेस बंद राहतो.

स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेला मार्ग) त्या व्हीआरएफच्या कॉन्टेक्स्टमध्येच, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या त्याच्या विभागातच, लिहावा लागतो. तिथून बाहेर पडायला विसरलात, तर डीफॉल्ट टेबलसाठी लिहिलेला पुढचा राउटही त्याच व्हीआरएफमध्ये जाऊन बसतो.

पडताळणीतली चूक अधिक फसवी असते, कारण तिच्यात सगळे सुरळीत दिसते. व्हीआरएफचे नाव न देता केलेला पिंग (समोरचा पत्ता उत्तर देतो का हे पाहणारी चाचणी) सहसा डीफॉल्ट टेबलमधून जातो. दोन व्हीआरएफमध्ये एकच सबनेट (पत्त्यांचा गट) वापरता येतो, त्यामुळे १०.१०.२०.१ ने उत्तर दिले म्हणजे आपल्याच गेटवेने दिले असे ठरत नाही. पिंग लागतो, पण सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही, अशा तक्रारीत मी प्रथम पिंगची पूर्ण ओळ पाहायला मागतो. ‘राउटिंग-कॉन्टेक्स्ट’ या कमांडने सत्राचा व्हीआरएफ बदलून ठेवण्याचा सोपा मार्ग मला मान्य नाही; तासाभराने आपण कुठे आहोत हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. मी ‘शो व्हीआरएफ इंटरफेस’, मग ‘शो आयपी राउट’ व्हीआरएफच्या नावासह, आणि शेवटी व्हीआरएफ व सोर्स पत्ता दोन्ही देऊन पिंग, याच क्रमाने जातो.

एनटीपी (घड्याळ जुळवणे) आणि सिसलॉग (नोंदी पाठवणे) यांचे सर्व्हर एमजीएमटी शून्य या व्यवस्थापनाच्या पोर्टवरून गाठायचे असतील, तर त्या ओळींतही त्या पोर्टचा मॅनेजमेंट व्हीआरएफ लिहावा लागतो.

परतीचा राउट समोरच्या उपकरणावर त्याच व्हीआरएफमध्ये आहे का, हे तिथे लॉगिन करून पाहावे. दोन्ही टोकांकडून सुरू केलेला पिंग लागल्याशिवाय मी रनिंग (सध्या चालू असलेले) कॉन्फिगरेशन स्टार्टअपमध्ये, म्हणजे स्विच पुन्हा सुरू होताना वाचला जाणाऱ्या प्रतीत, उतरवत नाही.