स्वमग्न मुलासाठी माध्यमिक शाळा निवडताना या चुका टाळा

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की पालकांचे फोन येऊ लागतात आणि त्यांतल्या निम्म्यांना फक्त शाळेचे नाव हवे असते. विशेष शिक्षक म्हणून मी असे नाव कधीच सांगत नाही, कारण एका स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला मानवलेली शाळा दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शाळा मे महिन्यात पाहणे. सातवीपर्यंतच्या लहान शाळेत रमलेल्या एका मुलासाठी आईवडिलांनी सुट्टीतच मोठी शाळा पक्की केली. इमारत स्वच्छ होती आणि मुख्याध्यापिका आपुलकीने बोलल्या. जूनमध्ये कळले की विजेची घंटा आठवीच्या वर्गाच्या दारावरच बसवलेली आहे. मुलाला घड्याळ उत्तम कळत असल्यामुळे तो प्रत्येक तास संपण्याच्या पाच मिनिटे आधीपासूनच कानांवर हात ठेवून बसू लागला, आणि दर तासाला बदलणाऱ्या शिक्षकांना तो उद्धटपणा वाटला. दिवाळीनंतर त्याने शाळेत पाऊल टाकले नाही.

म्हणून शाळा भरलेली असतानाच जावे. मी मधल्या सुट्टीच्या थोडे आधी पोहोचते आणि वर्ग पुन्हा शांत होईपर्यंत थांबते. जिन्यावरची रेटारेटी, नळाजवळची गर्दी, स्वच्छतागृहाच्या दाराची कडी आणि शिपाईमामांचा मुलांशी बोलण्याचा सूर एवढे पाहिले की माहितीपत्रक वाचण्याची फारशी गरज उरत नाही. मूल अस्वस्थ झाले तर कुठे बसेल, असे विचारून ती जागा प्रत्यक्ष दाखवायला सांगते. ‘ऑफिसमध्ये बसवू’ असे उत्तर आले, तर तोवर कोणी त्याचा विचारच केलेला नाही असे समजावे.

दुसरी चूक कागदपत्रांची. निदान लपवून प्रवेश घेणारे पालक पुढे सवलती कोणत्या तोंडाने मागणार? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश देणे अपेक्षित आहे. शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंतच पुरत असला, तरी 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला 2016 च्या कायद्याने 18 व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटे जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर त्याचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. त्यामुळे असे प्रस्ताव पूर्वी कोणी पाठवले होते, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. दहावीचा अर्ज भरताना प्रमाणपत्रासाठी धावपळ करणाऱ्यांबद्दल मला आता सहानुभूती उरलेली नाही.

वर्गात फक्त त्या मुलाच्या मदतीसाठी बसणारी शॅडो टीचर नेमली की सगळे सुरळीत होईल, हा समजही सोडावा. बहुतेक ठिकाणी त्यानंतर वर्गशिक्षक मुलाकडे पाहणेच थांबवतात. निकालाची टक्केवारी पाहून शाळा निवडू नये.

रोज शाळेत न जाता दहावीची परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे (एनआयओएस) नाव काढताच चेहरा पाडणारे पालकही बरेच भेटतात. तेथे दहावीला पाच विषय पुरतात, गणित सक्तीचे नाही आणि नोंदणीनंतर पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. घंटा, गर्दी आणि सहामाहीचा धाक यांतच ज्या मुलाची सगळी शक्ती खर्च होते, त्याच्यासाठी या पर्यायाची चौकशी आठवीतच करावी, नववीत नापास होण्याची वाट पाहू नये.