हॅमची परीक्षा देताय? मोड्स आधी ऐका, मग पाठ करा

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी वायरलेसच्या, परीक्षेची तयारी करताना नवीन माणूस हमखास अडकतो तो मोड्सच्या, म्हणजे सिग्नल पाठवायच्या पद्धतींच्या, पानावर. ए1ए, ए3ई, जे3ई, एफ3ई... नुसतं घोकलं तर दुसऱ्या दिवशी सगळी खिचडी. इंदूरला टिळकनगरात एक हॅमवाले काका आहेत, त्यांच्याकडे मी प्रश्नांची यादी घेऊन गेलो तर म्हणाले, "अरे भिया, पुस्तक मिट आणि आधी ऐक." तेच मी तुम्हाला सांगतोय. सेट नसला तरी ब्राउझरवर चालणारे वेबएसडीआर, म्हणजे नेटवरून ऐकायचे रिसीव्हर, फुकट आहेत.

7 मेगाहर्ट्झ, म्हणजे 40 मीटर बँड लावा. एसएसबीवर (सिंगल साइडबँड, म्हणजे सिग्नलची एकच बाजू पाठवायची पद्धत) कोणी बोलत असेल तर आधी बदक बोलतंय असं वाटेल, डायल अगदी हळूहळू सरकवा, शे-दीडशे हर्ट्झचा फरक असतो, आणि एकदम स्वच्छ माणूस बोलायला लागतो. एसएसबीत कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, काढून टाकलेला असतो ना, तो रिसीव्हरला स्वतः तयार करून बरोब्बर जागेवर बसवावा लागतो, म्हणून ही कसरत. आणि काढतात कशाला? एएममध्ये फुल मॉड्युलेशन असलं तरी दोन तृतीयांश पॉवर कॅरियरच खातो, बोलणं त्यात काहीच नसतं. शिवाय एएमला साधारण 6 किलोहर्ट्झ जागा लागते, एसएसबीचं तीनच्या आत भागतं.

आता सुरुवातीचे ते ए1ए, जे3ई वगैरे कोड फोडा. पहिलं अक्षर मॉड्युलेशनचं, मधला आकडा सिग्नलचा, शेवटचं अक्षर माहिती कसली ते. जे म्हणजे कॅरियर दाबलेली एसएसबी, 3 म्हणजे एक अॅनलॉग चॅनल, ई म्हणजे बोलणं. झालं जे3ई! एफएम असेल तर फक्त पहिलं अक्षर बदललं, एफ3ई. मोर्स ए1ए, त्यातला शेवटचा ए म्हणजे कानाने घ्यायची टेलिग्राफी.

10 मेगाहर्ट्झच्या खाली बोलायला एलएसबी (कॅरियरच्या खालची बाजू), वर यूएसबी (वरची बाजू), हा रिवाज लक्षात ठेवा, पण एफटी8 हा कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड सगळ्या बँडवर यूएसबीतच चालतो, तिथे गोंधळू नका. हॅमवाल्यांच्या क्यू-कोडमध्ये क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा व्यत्यय आणि क्यूआरएन म्हणजे पावसाळ्यात विजा कडाडल्या की येते ती खरखर.

लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही. जनरलला आहे, मिनिटाला 8 शब्द, घ्यायचे पण आणि पाठवायचे पण. ते कागदावर टिंब-रेघा काढून अजिबात शिकू नका, कारण मग प्रत्येक अक्षराला डोक्यात तक्ता शोधत बसाल आणि तेवढ्यात पुढची दोन अक्षरं निघून जातील.